विहिरीचं पाणी आणि तेलाचे शेअर

मागच्या महिन्यात उंबरमाळीला बचत गटाची मीटिंग संपली. सगळ्या जणी उठल्या, एक वहिनी मात्र घुटमळत राहिल्या. समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचे थोडे पैसे त्यांनी बँकेत ठेवले होते, त्याची मुदत संपत आली होती. "ताई, कल्याणचा भाचा म्हणतो, सगळे ओएनजीसीच्या शेअरमध्ये टाक. सरकारी कंपनी, बुडणार नाही. दरवर्षी डिव्हिडंडही मिळतो. टाकू का?"

मी बी.ए. मराठी. शेअरबाजार काही माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न तिच्या जमिनीच्या पैशांचा होता. घरी येऊन मिस्टरांबरोबर बसले आणि हिशेब मांडला.

भाचा अगदीच चुकीचं सांगत नव्हता. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाने आपल्या मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं, तेच बॉम्बे हाय. १९७६ पासून तिथून तेल निघू लागलं. मार्च २००४ मध्ये सरकारने आपल्याकडचे काही शेअर लोकांना विकले, तेव्हा भाव होता ७५० रुपये. पुढे २००६, २०११ आणि २०१६ मध्ये बोनस मिळाले, एका शेअरचे दोन भागही झाले. म्हणजे तेव्हाच्या एका शेअरचे नऊ झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भाव तीनशेच्या वर होता. नऊ गुणिले तीनशे, तुम्हीच करा!

पण मैत्रिणींनो, मार्च २०२० मध्ये हाच भाव सत्तरच्या खाली आला होता. नऊ शेअरचे साडेसहाशेसुद्धा होत नव्हते. डिव्हिडंड सोडला, तर सोळा वर्षं थांबून मुद्दलही सुटलं नसतं.

असं का होतं? तेलाचा भाव कंपनी ठरवत नाही, जगाचा बाजार ठरवतो. २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलर झाले, लॉकडाऊनमध्ये तेल कोणी घेईना. दुसरं, निम्म्याहून जास्त शेअर सरकारचे. आपल्याला गॅस, रॉकेल स्वस्त मिळावं म्हणून या कंपनीने कित्येक वर्षं तेल सवलतीत दिलं. गृहिणी म्हणून आपण खूश, पण शेअरवाल्याचा नफा कमी! २०२२ मध्ये भाव चढले, तर सरकारने जादा कर लावला. तो डिसेंबर २०२४ मध्ये काढला.

तिसरी गोष्ट वहिनींना लगेच पटली. बॉम्बे हायचं उत्पादन १९८५ च्या सुमारास सर्वात जास्त होतं, नंतर घटत गेलं. ते वाढवायला जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक मदत घेतली. "म्हणजे आपल्या विहिरीसारखंच," वहिनी म्हणाल्या. "एप्रिलमध्ये तळ दिसला की गाळ काढायचा. पाणी वाढेलच असं नाही."

अगदी तसंच! म्हणून मी एवढंच सुचवलं : मुलीच्या कॉलेजचे आणि घराच्या पत्र्याचे पैसे बँकेतच राहू देत. दहा वर्षं विसरून जाता येईल, एवढीच रक्कम शेअरमध्ये घाला, तीही एकाच कंपनीत नको.

"मग भाच्याला काय सांगू?"

"सांगा, डिमॅट खातं माझ्या नावावर उघड. आणि पासवर्ड माझ्याकडेच राहील."

वहिनी हसल्या. हसत हसत पासबुक मात्र त्यांनी पदराखाली घट्ट धरलं होतं.