मुरुम गेला, मागे राहिलं ते काय?

काजूचा हंगाम सुरू झाला की कट्टा, पेंडूर, वराड, गोळवण या पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या बोटांवर, ओठाच्या कडेला काळा डाग दिसतोच. ओले काजूगर काढताना, नाहीतर चुलीवर बिया भाजताना टरफलातलं तेल लागतं, कातडी भाजते, साल निघते आणि खाली काळं राहतं. तो डाग बघून घरात कुणी घाबरत नाही. पुढच्या काही महिन्यांत फिका पडणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सोळा वर्षांच्या मुलीच्या गालावर मुरुम बसल्यावर तसाच डाग राहिला, की चार दिवसांत आई औषधांच्या दुकानात जाऊन ‘डाग जायची ट्यूब’ मागते. खरं तर दोन्ही डागांमागे घडतं ते एकच. कातडीचा दाह झाला की तिथल्या रंगपेशी जास्त मेलॅनिन तयार करतात, आणि दाह शमला तरी ते रंगद्रव्य काही काळ तिथेच राहतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे गोऱ्या त्वचेपेक्षा फार सहज होतं.

मुरुमांनंतर चेहऱ्यावर काय काय राहू शकतं आणि त्यावर खरोखर काय चालतं, याबद्दल इतक्या चुकीच्या गोष्टी ऐकायला मिळतात की त्या एकदा नीट मांडायला हव्यात. कारण मुरुमांनी होत नाही एवढं नुकसान त्यांच्यावरच्या चुकीच्या इलाजांनी होताना दिसतं.

‘डाग पडले, आता ते कायमचे’

खिडकीशी उभं राहून उजेड बाजूने पडेल असा आरसा धरावा आणि गालावरून हलकेच बोट फिरवावं. बोटाला काही लागत नसेल, फक्त रंग वेगळा दिसत असेल, तर तो डाग आहे. तपकिरी डाग साधारण तीन महिन्यांपासून वर्षभरात फिका होतो. राखाडी-निळसर दिसत असेल तर रंगद्रव्य खोल उतरलंय, त्याला जास्त काळ लागतो. बाजूच्या उजेडात सावली पडत असेल, बोट खाली जात असेल, तर तो खड्डा. तिथलं कोलॅजेन, म्हणजे त्वचेला आतून आधार देणारे तंतू, दाहात नष्ट झालेले असतात. खड्डा आपोआप भरत नाही आणि रंग घालवणारं कुठलंही क्रीम त्याला भरून काढत नाही. ‘सहा महिने क्रीम लावलं, काही उपयोग नाही’ अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, तिचं कारण हेच असतं. डागाचं औषध खड्ड्याला लावलेलं असतं.

डाग लवकर जावेत म्हणून करण्यासारखी पहिली गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी करत नाही: ऊन टाळणं. शाळेला चालत जाणारी पोरं, बागेत नाहीतर मासळीबाजारात दिवस काढणाऱ्या बाया, सगळ्यांचे डाग उन्हाने गडद होत राहतात. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं, तेलकट नसलेलं सनस्क्रीन सकाळी लावावं, घाम पुसला गेला की पुन्हा लावावं, डोक्यावर टोपी किंवा छत्री असावी. त्याशिवाय अ‍ॅझेलेइक आम्ल किंवा अडॅपलिन डॉक्टरांच्या सल्ल्याने. मुरुम फोडणं आणि स्क्रबने घासणं बंद. एवढं केलं तर बहुतेक डागांना आणखी काही लागत नाही.

‘खोबरेल, लिंबू आणि व्हिटॅमिन ईची गोळी’

खोबरेलाशिवाय आपलं घर चालत नाही, आणि अंगाला, केसांना ते उत्तमच आहे. पण मुरुम येणाऱ्या चेहऱ्यावर ते रोमछिद्रं बुजवतं. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर उतरलं तरी तिथे बारीक पुटकुळ्या येतात. प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या संशोधकांनी १९७० मध्ये केसांना लावायच्या तेलकट पदार्थांमुळे येणाऱ्या या मुरुमांचं वर्णन केलं होतं. केसांना तेल लावायचंच तर रात्री लावून सकाळी धुवावं, कपाळ कोरडं ठेवावं.

लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे अधिक काळा डाग राहतो. व्हिटॅमिन ईची गोळी फोडून वणावर लावायची पद्धतही सर्रास आहे. मायामीत १९९९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वणांवर ती तपासली गेली, तेव्हा बहुतेकांना काही फायदा झाला नाही आणि तिघांतल्या एकाला उलट त्वचेची अ‍ॅलर्जी झाली. आणि काजूच्या टरफलाचं तेल पायाच्या भेगांना चालतं म्हणून चेहऱ्यावरच्या कशालाही लावू नये. ते कातडी जाळतं.

मासळीने उष्णता वाढून मुरुम येतात, हेही खरं नाही. बांगडा, तारली बिनधास्त खावेत. ज्यांचा मुरुमांशी संबंध दिसून आलाय ते पदार्थ वेगळे: साखर, मैदा, गोड पेयं, आणि काही जणांत दूध.

‘लगीन झाला काय आपसूक जातले’

मुरुम जातातही. पण जाईपर्यंत त्यांनी काय केलं, हा खरा प्रश्न असतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात लेटन, हेंडरसन आणि कनलिफ यांनी १९९४ मध्ये मुरुमांच्या रुग्णांचे वण नीट तपासले. चेहऱ्यावर थोडाफार वण ९५ टक्क्यांपर्यंत रुग्णांत आढळला, मुलगे-मुली दोघांतही. आणि मुरुम सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत जितका उशीर, तितके वण जास्त, असंही दिसलं. फक्त मोठ्या गाठींनीच खड्डे पडतात असंही नाही. साध्या लाल पुटकुळ्याही आत कोलॅजेन खातात.

दुसरा एक प्रयोग फ्रान्सच्या ब्रिजिट द्रेनो आणि सहकाऱ्यांचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांनी चेहऱ्याच्या एका बाजूला अडॅपलिन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांचं मिश्रण लावलं, दुसऱ्या बाजूला औषध नसलेलं मलम. सहा महिन्यांनी औषधाच्या बाजूचे खड्डे सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले होते, तर दुसऱ्या बाजूला जवळपास तितकेच वाढले होते. चेहरा तोच, माणूस तोच. वाट बघण्याची किंमत याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. आणि ही औषधं काही लेझरसारखी महागडी नाहीत, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतात. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, म्हणून आरंभी एक दिवसाआड, वाटाण्याएवढं, आणि पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचं असतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढुरका होतो, तेव्हा जुने वापरावेत. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि बरेच जण त्याआधीच कंटाळून सोडून देतात. क्लिंडामायसिनसारखं नुसतं प्रतिजैविक मलम महिनोन्‌महिने लावणं मात्र चुकीचं. जंतू त्याला सरावतात. ते नेहमी बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरायचं असतं.

मुरुम गाठींचे असतील, खड्डे पडू लागले असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवतात. या गोळ्यांची दहशत फार आहे. त्यातली एक भीती मात्र शंभर टक्के खरी आहे: या काळात गर्भधारणा झाली तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. बाकी ओठ कोरडे पडणं, रक्तातली चरबी आणि यकृताच्या तपासण्या, मनःस्थितीवर लक्ष, हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली सांभाळता येतं. शेजारणीच्या उरलेल्या पाकिटातून मात्र ती कधीही घेऊ नये. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर मुरुमांचं मूळ संप्रेरकांत असू शकतं, हेही डॉक्टरांना सांगायला हवं.

‘ट्यूबने दोन दिवसांत चेहरा उजळतो’

उजळतो, आणि नेमका हाच धोका आहे. दुकानात ‘डाग जायची ट्यूब’ म्हणून हातात पडते तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन, कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनसोबत. स्टेरॉइडने लाली आणि सूज लगेच ओसरते, रंग फिका होतो, माणूस खूश होतो. मग महिनोन्‌महिने ती ट्यूब चालू राहते. त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते, ऊन लागलं की आग होते. आणि मुरुम उलट जोमाने येतात. ट्यूब थांबवली तर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते, आणि त्या फेऱ्यातून सुटका होत नाही.

डॉ. अबीर सारस्वत आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या १२ केंद्रांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या त्वचेची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातले २४ टक्के मुरुमांसाठी, २९ टक्के रंग उजळायला किंवा दाढीनंतर. दहातल्या सहांना ती ट्यूब डॉक्टरने सांगितलेलीच नव्हती. दुष्परिणाम नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांत दिसले, आणि त्यातला सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरुम येणं किंवा वाढणं. जास्त तीव्रतेची स्टेरॉइडं ग्रामीण आणि निमशहरी भागात अधिक वापरली जात होती. म्हणजे आपल्यासारख्या भागातच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा ठरलं. तरीही ती काउंटरवरून सहज हातात पडतात, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे कुणी सांगत नाही. हे मला अक्षम्य वाटतं. ट्यूबच्या बारीक अक्षरांत ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारं नाव दिसलं, की आधी विचारावं. महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम तोडू नये, डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी.

आणखी एक गल्लत पुटकुळ्या ओळखण्यात होते. छाती-पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या तर त्या बहुधा मुरुम नसतात. आपल्या दमट हवेत घामाने वाढणाऱ्या मॅलासेझिया नावाच्या बुरशीमुळे त्या येतात. प्रतिजैविकांनी त्या वाढतात, बुरशीविरोधी औषधाने जातात.

‘लेझर मारला की चेहरा साफ’

खड्डे एका जातीचे नसतात, म्हणून एकच उपचार सगळ्यांना लागू पडत नाही. सुई टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे लेझरने फारसे हलत नाहीत. त्यांच्या तळाशी काडीने तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाचा कण ठेवतात, किंवा ते बारीक छिद्रयंत्राने कापून टाके घालतात. कडा सरळ असलेले रुंद, उथळ खड्डे सूक्ष्म-सुया किंवा फ्रॅक्शनल लेझरला बरा प्रतिसाद देतात. लाटेसारखे सखल खड्डे खालून तंतूंनी ओढलेले असतात, तिथे कातडीखाली सुई घालून ते तंतू कापावे लागतात. ऑरेंट्राइक पिता-पुत्रांनी १९९५ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही वापरात आहे. एकाच गालावर अनेकदा तिन्ही प्रकार असतात, म्हणून डॉक्टर उपचारांची जोडणी करतात.

अपेक्षा मात्र खरी ठेवावी. सुधारणा होते, पण पूर्ण कोरी त्वचा मिळत नाही. आपल्या त्वचेत लेझर जास्त तापवला गेला तर काळे डाग पडतात, म्हणून तो सावळ्या त्वचेचा अनुभव असलेल्याकडूनच करून घ्यावा. ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर घरी गालांवर फिरवणं टाळावं. त्याच्या सुया खड्ड्याच्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत, आणि चालू मुरुमांवर फिरवला तर जंतू सगळीकडे पसरतात. आयसोट्रेटिनॉइन घेतल्यावर सहा महिने कसलाही उपचार करायचा नाही, हा जुना सरसकट नियम आता तज्ज्ञ मानत नाहीत. सूक्ष्म-सुया आणि सौम्य पील (रसायनाने वरची साल काढणं) त्याआधीही करता येतात.

छातीवर, खांद्यावर, जबड्याच्या कडेला मुरुमानंतर कडक, फुगलेली, खाजणारी गाठ वाढत गेली, तर तो कीलॉइड असू शकतो. नुसता कापला तर तो बहुधा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यात ट्रायम्सिनोलोनची इंजेक्शनं टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने.

पहिला सल्ला पेंडूर-कट्ट्याच्या ग्रामीण रुग्णालयातही घेता येतो. त्वचारोगतज्ज्ञासाठी ओरोस, कुडाळ, कणकवली, आणि अवघड बाबतीत गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. आणि लग्नाच्या तोंडावर आलेल्या घरांना एक गोष्ट आधीच ठाऊक असायला हवी. खड्ड्यांचे उपचार मुरुम आटोक्यात आल्यावरच सुरू होतात, त्याला तीन-चार महिने लागतात. मग महिन्याच्या अंतराने चार ते सहा बैठका. शेवटच्या बैठकीनंतरही कोलॅजेन सहा महिने भरत राहतं. वैशाखात लग्न असेल तर मागल्या गणपतीत दाखवायला हवं, म्हणजे निदान बऱ्याच बैठका तोवर उरकतील. आदल्या महिन्यात आलं, तर डॉक्टर फक्त मुरुम शांत करून सनस्क्रीन सांगतील, आणि तेव्हा तेच योग्य असेल.