जंजिऱ्याची होडी, स्वाहिली शब्द आणि आमचा शाळेतला मित्र

हा भाग पुण्यातून नाही, मंठ्यातून रेकॉर्ड केलाय. मागे मधूनच ट्रॅक्टर ऐकू येतो, तेवढं सांभाळून घ्या. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लेखी रूप. अर्धवट वाक्यं जरा सरळ केलीत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

खरं तर आम्हा चौघा शाळासोबत्यांना झांझिबारला जायचं होतं. व्हिडिओ बघून झाले, तिकिटांचे भाव बघितले आणि सोयाबीनचा भाव बघितला. मग ठरलं, जंजिरा. मी म्हणालो, अरे तेही एका अर्थानं तेच आहे. आता हे 'एका अर्थानं' म्हणजे नक्की किती, ते शोधण्यात माझे पुढचे दोन आठवडे गेले. हा भाग त्यातून आलाय.

आधी शब्द. अरबीत साहिल म्हणजे किनारा, त्याचं अनेकवचन सवाहिल. त्यावरून स्वाहिली, म्हणजे किनाऱ्यावरची माणसं आणि त्यांची भाषा. सोमालियाच्या दक्षिण भागापासून मोझांबिकच्या उत्तरेपर्यंतचा हा पट्टा. लामू, मोंबासा, झांझिबार, किल्वा ही त्यातली नावाजलेली ठिकाणं, बरीचशी बेटंच. भाषा मुळात आफ्रिकेची, बांटू कुळातली. शब्द मात्र समुद्रावरून भरपूर आले. पैशाला पेसा, गाडीला गारी, दुकानाला दुका, बंदराला बंदारी, हिशेबाला हेसाबु. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी! काही शब्द इथून तिकडे गेले, तर काही अरबी-फारसीतून त्यांच्याकडेही आले आणि आपल्याकडेही.

मला सगळ्यात आवडला तो 'किताबु'. स्वाहिलीत नामाच्या पुढचा भाग बदलून अनेकवचन होतं, 'कि'चं 'वि' होतं. तर या लोकांनी अरबी किताबमधला 'कि' आपलाच समजला आणि पुस्तकं म्हणजे 'विताबु' करून टाकलं. बाहेरचा कोड घेतला आणि आपल्या नियमात बसवला. आम्ही ऑफिसात रोज हेच करतो, फक्त इतकं सुंदर होत नाही.

हे जमलं कसं? वाऱ्यामुळे. साधारण नोव्हेंबर ते मार्च ईशान्येकडून वारा वाहतो, तो शिडाच्या जहाजाला भारत-अरबस्तानाकडून आफ्रिकेकडे नेतो. एप्रिलपासून तो उलटा, नैर्ऋत्येकडून. तिकडे पहिल्याला कास्काझी म्हणतात, दुसऱ्याला कुसी. म्हणजे समुद्रात एकेरी रस्ता, सहा महिने इकडून, सहा महिने तिकडून. भर पावसात जहाजं हाकायची सोय नाही, म्हणून परतीची वेळ आधी किंवा जोर ओसरल्यावर. मधल्या महिन्यांत व्यापारी परक्या बंदरात अडकून पडायचा. तिथं राहायचा, लग्न करायचा, भाषा शिकायचा. आपल्याकडे कोळी बांधव नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात काढतात, त्यामागचा वारा तोच.

आता माझं 'एका अर्थानं' कुठं फसलं ते सांगतो. जंजिऱ्याचे सिद्दी म्हणजे हबशी, हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तो स्वाहिली किनारा नाही, भाषा वेगळी, मुलूख डोंगराळ. जहाजांचा समुद्र मात्र एकच. आणि सगळेच व्यापारी म्हणून आले नाहीत, कितीतरी माणसं गुलाम म्हणून विकून आणली गेली. गुजरातेतल्या सिद्दींच्या नाचाला गोमा म्हणतात, तो स्वाहिलीतला 'ङोमा', म्हणजे ढोल. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दींचे बरेच पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेले, आज ते कोकणी आणि कानडी बोलतात. म्हणजे 'सिद्दी' हा एकच गठ्ठा नाही.

आपल्या मराठवाड्याला तर हे कोकणापर्यंत जाऊन शोधायची गरजच नाही. मंठ्याहून जालना, तिथून संभाजीनगर आणि पुढे खुलताबाद. तिथं मलिक अंबरची कबर आहे. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे इथं आलेला मुलगा. निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीझखानानं, त्याला विकत घेतलं. पुढे तो स्वतःच निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, म्हणजेच आजचं संभाजीनगर. जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिलं. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. १६२६ मध्ये अंबर गेला.

आम्ही जाताना वाट वाकडी करून तिथं थांबलो. आमच्यातला एक जण रंगानं काळा आहे. शाळेत त्याला सगळे 'हबशी' म्हणायचे. मीही म्हणायचो, दहावीपर्यंत आणि नंतरही. तो घुमटाकडे बघत होता. मी माहिती सांगायला लागलो, "हा हबशी होता, म्हणजे..." आणि जीभ अडकली.

तो म्हणाला, "सांग ना. थांबला का?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन एवढंच बोलला, "म्हणजे तुम्हाला एवढी शिवी द्यायची होती अन् तुम्ही मला सरदार करून टाकलं." बाकीचे दोघे हसले. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ताम्हिणी उतरून, माणगाववरून मुरूड. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी. जंजिरा हा शब्दच मुळी जझीरा, म्हणजे बेट. तिथला आधीचा मेढेकोट कोळ्यांचा. किल्ला मराठ्यांना कधी घेता आला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून खाडीत भराव टाकून सेतू बांधायला घेतला, तोही पुरा झाला नाही. शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग समोरच दिसतो. तटावर कलालबांगडी तोफ आहे. समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत, तिथं मी जास्त वेळ थांबलो. १९४८ पर्यंत हे संस्थान होतं. शाळेत आम्ही सिद्दी म्हणजे फक्त शत्रू इतकंच शिकलो. शत्रू होतेच, त्यात शंका नाही, पण शेकडो वर्षं इथं राहिलेली माणसंही होती.

परतीच्या होडीत तो मित्र शिडाच्या दोरीपाशी जाऊन बसला आणि नावाड्याला वारा विचारत राहिला. कुठून येतो, कधी फिरतो. आम्हा तिघांशी फारसं बोलला नाही. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर अजून त्याच जुन्या नावानं होता. धक्क्यावर उतरल्यावर बदलला. त्याला सांगितलं नाही, हा भाग ऐकेल तेव्हा कळेल.

जाणार असाल तर पावसाळा सोडून जा, तेव्हा होड्या बंद असतात. भरती-ओहोटीची वेळ धक्क्यावर विचारून घ्या, दारात उतरताना होडी चांगलीच हलते. आणि निघण्याआधी खुलताबादला अर्धा तास थांबा.