हनुवटीतला संगणक

हेडफोनची पिन पट्टीवर ठेवून मोजून बघा. सॉकेटात जाणारा धातूचा भाग १४ मिलिमीटरच्या आसपास भरतो. अ‍ॅपलच्या २४ इंची आयमॅकची जाडी आहे ११.५ मिलिमीटर. ही पिन मागून आत घालायची ठरवली असती, तर ती स्क्रीन फोडूनच पुढं आली असती. म्हणून २०२१ साली हे मॉडेल आलं तेव्हा हेडफोनचं सॉकेट पाठीवरून उठून डाव्या कडेला गेलं. ज्या यंत्राच्या पोटात १९९८ साली १५ इंची पिक्चर ट्यूब बसत होती, त्यात आता हेडफोनची पिनही मावेनाशी झाली.

आयमॅक हा ऑल-इन-वन संगणक. टेबलाखाली वेगळा डबा नाही, वायरींचं जाळं नाही, स्क्रीन आणि संगणक एकाच अंगात. २०२३च्या ऑक्टोबरात त्यात एम३ चिप आली, २०२४च्या ऑक्टोबरात एम४ आली, किमान रॅम ८ जीबीवरून १६ जीबी झाली. अंग मात्र २०२१चंच राहिलं. त्यामुळे या यंत्रावर जीव असलेली माणसं पुढच्या रूपाची वाट बघताहेत. स्क्रीन मोठी होईल का, खालची पट्टी जाईल का, रंग कोणते असतील, असे प्रश्न त्यांच्या बोलण्यात सतत येतात.

मीही वाट बघणाऱ्यांतलाच. पण या यंत्राचा इतिहास पुन्हा नीट बघितला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आयमॅकचा चेहरा जेव्हा जेव्हा खऱ्या अर्थानं बदलला, तेव्हा त्याच्या पोटातून काही तरी बाहेर पडलं होतं किंवा आतली मांडणी मुळापासून बदलली होती. पुढचं रूप कसं असेल याचा अंदाज बांधायचा तर आत काय उरलंय आणि कशाचा अजून विचारच झालेला नाही, हे आधी बघायला हवं.

हँडल

६ मे १९९८. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या डी अ‍ॅन्झा कॉलेजमधलं फ्लिंट सेंटर. १४ वर्षांपूर्वी याच सभागृहात स्टीव्ह जॉब्जनं पहिला मॅकिंटॉश लोकांना दाखवला होता. या वेळी कंपनीची अवस्था बिकट होती. १९९७च्या आर्थिक वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला होता. जॉब्जनं कापड दूर केलं आणि आतून एक गोलसर, निळसर हिरवं, अर्धपारदर्शक यंत्र बाहेर आलं. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावरून त्या रंगाला ‘बाँडाय ब्लू’ असं नाव दिलेलं. ‘आयमॅक’ हे नाव जाहिरात लेखक केन सीगलनं सुचवलं. जॉब्जच्या मनात आधी ‘मॅकमॅन’ होतं.

किंमत १,२९९ डॉलर, २३३ मेगाहर्ट्झचा जी३ प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४ जीबीची हार्डडिस्क. फ्लॉपी ड्राइव्ह नाही. आपल्याकडचे डीटीपीवाले तेव्हा मजकूर फ्लॉपीवर घेऊनच प्रेसच्या पायऱ्या चढत होते, हे आठवलं की तो निर्णय किती धाडसाचा होता ते कळतं. जुनी सगळी सॉकेटं काढून त्यांच्या जागी यूएसबी आलं.

या यंत्रावरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे माथ्यावरचं हँडल. यंत्राचं वजन १७ किलो. ते उचलून फिरवणारं कोणी नव्हतं, आणि अ‍ॅपलचा डिझायनर जोनाथन आइव्ह व त्याच्या चमूला ते ठाऊक होतं. संगणकाला लोक बिचकतात, हात लावायला घाबरतात. हँडल दिसलं की हात आपसूक तिकडं जातो. मला धरलं तरी चालेल, एवढंच त्या हँडलला सांगायचं होतं. कारखान्यात त्यानं खर्च वाढणार होता, तरी ते ठेवलं गेलं. १९९८ संपेपर्यंत आठ लाख आयमॅक विकले गेले.

सूर्यफूल

पिक्चर ट्यूब जड आणि खोल असते. ती असेपर्यंत अंडाकृती गोळ्यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. सपाट एलसीडी स्क्रीन परवडू लागली आणि २००२च्या जानेवारीत आयमॅक जी४ आला.

त्याच्या घडणीची गोष्ट चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. आइव्हनं आधी जो नमुना केला त्यात संगणकाचे सगळे भाग सपाट स्क्रीनच्या मागं चिकटवलेले होते. जॉब्जला तो पटला नाही. स्क्रीन पातळ झाली असताना तिच्या पाठीवर ओझं कशाला, आणि उभी बसवलेली सीडी ड्राइव्ह हळू चालते तर ती उभी का करायची, असं त्याचं म्हणणं. दोघं घराच्या बागेत फिरले. तिथं जॉब्जची बायको लॉरीन हिनं सूर्यफुलं लावली होती. तिथूनच नवं रूप निघालं: खाली अर्धगोल बैठक, तिच्यात सगळा संगणक, वर स्टेनलेस स्टीलची मान आणि मानेवर फुलासारखी स्क्रीन. जे आडवं राहायला हवं ते आडवं राहिलं आणि जे पातळ होतं ते पातळच राहिलं.

जी४ची मान एका बोटानं हलते. वर करा, खाली करा, शेजारी बसलेल्याला दाखवायला वळवा. सोडाल तिथं स्क्रीन थांबते, खाली घसरत नाही. त्या मानेइतकी मोकळीक पुढच्या एकाही आयमॅकला मिळाली नाही. आजचा २४ इंची आयमॅक पुढं-मागं कलतो, पण स्टँडवर त्याची उंची बदलता येत नाही. टेबल बुटकं असेल तर लोक अजूनही त्याच्या खाली जाडजूड पुस्तकं ठेवतात.

तीन स्क्रू

जी४च्या वेळी जो नमुना नाकारला, तोच जी४ आल्यावर अडीच वर्षांनी स्वीकारला गेला. ३१ ऑगस्ट २००४ला पॅरिसमध्ये आयमॅक जी५ दाखवला गेला. त्यात संगणकाचे सगळे भाग स्क्रीनच्या मागं होते, जाडी दोन इंच, आणि स्क्रीनखाली एक पांढरी रुंद पट्टी. या पट्टीला तेव्हापासून सगळे ‘हनुवटी’ म्हणतात, आणि ती आजतागायत गेलेली नाही.

पण जी५मध्ये आणखी एक गोष्ट होती, तिची आठवण फारशी कोणी काढत नाही. यंत्र मऊ कापडावर पालथं घालायचं, खालच्या कडेचे तीन स्क्रू सैल करायचे, की सगळी पाठ पेटीच्या झाकणासारखी उघडायची. आत हार्डडिस्क, पंखे, पॉवर सप्लाय, सगळं समोर मांडलेलं. बरेच भाग घरच्या घरी बदलता यावेत अशीच ती रचना होती.

त्यानंतर हा दरवाजा टप्प्याटप्प्यानं बंद होत गेला. २००५च्या अखेरीस आलेला जी५ उघडणं अवघड होतं. २००७च्या अ‍ॅल्युमिनियमच्या मॉडेलात काच चुंबकांनी धरलेली असायची, व्हॅक्यूमच्या कपनं ती ओढून काढता यायची. २०१२ साली कडा ५ मिलिमीटरवर आणली. त्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकली, विमानांच्या बांधणीत वापरतात तसं फ्रिक्शन-स्टर वेल्डिंग केलं आणि स्क्रीन चिकटपट्टीनं डकवली. तेव्हापासून आयमॅक उघडायचा म्हणजे पिझ्झा कापायच्या चाकासारखं एक अवजार स्क्रीनच्या कडेनं फिरवून चिकटपट्टी कापायची, आणि बंद करताना नवी लावायची. २७ इंची मॉडेलच्या पाठीवर रॅम बदलायची छोटी खिडकी तेवढी शेवटपर्यंत टिकली.

रिकामं पोट

२०१२ ते २०२१, नऊ वर्षं अंग तेच राहिलं. इतकी वर्षं हे यंत्र कधी एका रूपात थांबलं नव्हतं. त्याचं मुख्य कारण आतली उष्णता. इंटेलचे प्रोसेसर तापायचे, त्यांना मोठा पंखा आणि हवा खेळायला जागा लागायची. अ‍ॅपलनं स्वतःची चिप केली तेव्हा ही अडचण सुटली. एप्रिल २०२१चा एम१ आयमॅक सात रंगांत आला, आणि १९९९च्या रंगीत आयमॅकची आठवण झाली. पॉवर सप्लाय बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये गेला, नेटवर्कचं सॉकेटसुद्धा त्याच अ‍ॅडॉप्टरवर. सगळा संगणक हनुवटीत सरकला: मदरबोर्ड, छोटे पंखे, स्पीकर. वर स्क्रीनच्या मागं फारसं काही उरलं नाही.

म्हणजे पोट जवळपास रिकामं झालं आहे. आता पुढं काय जाणार?

बहुतेकांच्या तोंडी हनुवटीचं नाव असतं. ते अशक्य नाही. २०२४चा १३ इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा आहे, आणि त्यात एम४ चिप तर आहेच, वर बॅटरीही आहे. मात्र त्याला पंखा नाही. तासन् तास व्हिडिओ संपादन करणाऱ्या डेस्कटॉपला थंड ठेवायला थोडी जागा लागतेच. हनुवटी काढली तर तिच्यातला ऐवज पुन्हा स्क्रीनच्या पाठीवर चढेल आणि जाडी वाढेल. मला ते चालेल. टेबलावर बसून राहणाऱ्या यंत्राची जाडी पाच-सात मिलिमीटरनं वाढली म्हणून कोणाचं काम अडत नाही.

दुसरी अपेक्षा मोठ्या स्क्रीनची. हिचं मोल मला नेमकं सांगता येतं. पुण्यातला माझा एक मित्र पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करतो. एफोर आकाराची समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात बघायची तर स्क्रीनची उंची किमान २९.७ सेंटिमीटर हवी. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या आयमॅकची स्क्रीन प्रत्यक्षात साडेतेवीस इंचांची आहे, तिची उंची साधारण २९.३ सेंटिमीटर. पान बसत बसत राहून जातं. २७ इंची स्क्रीनवर ते आरामात बसतं आणि मेनूलाही जागा उरते. मांडणीकाराला २७ इंच का हवेत, याचं उत्तर या काही मिलिमीटरांत आहे. अ‍ॅपलनं २७ इंची आयमॅक मार्च २०२२मध्ये बंद केला. स्वतःच्या चिपचा २७ इंची आयमॅक आणायचा विचार नाही, असं २०२३च्या नोव्हेंबरात पत्रकारांना सांगितलं, आणि २७ इंची स्वतंत्र स्क्रीनकडं बोट दाखवलं. शेजारी ठेवायला १२.७ सेंटिमीटर चौकोनी मॅक मिनी आता आहेच.

दोन आयुष्यं

इथं ऑल-इन-वनच्या मुळाशी असलेला प्रश्न समोर येतो. या यंत्रात दोन वस्तू एकत्र बांधलेल्या आहेत आणि दोघींचं आयुष्य सारखं नाही. संगणक सात-आठ वर्षांत मागं पडतो, नवी सिस्टिम मिळायची थांबते. चांगली स्क्रीन पंधरा वर्षंही टिकते. एकीसाठी दुसरी भंगारात जाते.

माझ्या त्या मित्राच्या टेबलावर २००९चा २७ इंची आयमॅक अजून आहे. संगणक म्हणून तो कधीच निवृत्त झाला. पण मित्र त्याला लॅपटॉपची केबल जोडतो, कीबोर्डवर कमांड आणि एफ-२ दाबतो, आणि ती स्क्रीन लॅपटॉपची होते. गेल्या दिवाळी अंकाची पानं मी त्याच स्क्रीनवर तपासली. एका पानावरच्या ‘कर्तृत्व’मधला रफार शिरोरेषेच्या वर जास्तच चढलेला होता, तो आम्हा दोघांनाही लगेच दिसला. सोळा वर्षांच्या आसपासची स्क्रीन, आणि रोजचं काम चोख करते.

अ‍ॅपलनं दिलेली ही सोय २०१४च्या ५के आयमॅकपासून गेली. तेव्हाचं कारण खरं होतं: ५१२० बाय २८८० पिक्सेलचं चित्र त्या काळच्या एका केबलमधून बाहेरून आत येऊ शकत नव्हतं. आता ते कारण उरलेलं नाही. आज एकाच थंडरबोल्ट केबलवर ५के स्क्रीन चालते. जगभरचे हौशी लोक जुन्या ५के आयमॅकमधला मदरबोर्ड काढून त्या जागी वेगळा बोर्ड बसवतात आणि त्याची मॉनिटर म्हणून दुसरी पाळी सुरू करतात. चिकटपट्टी कापून, काच सांभाळत, स्वतःच्या हातानं. या स्क्रीन फेकून देण्याजोग्या नाहीत, हे त्यांना कळलेलं आहे.

म्हणून पुढच्या आयमॅककडून मला जे हवं आहे ते चेहऱ्यावर दिसणारं नाही. जी५सारखी उघडणारी पाठ हवी. आणि त्याहून आधी, संगणक थकला की स्क्रीन दुसऱ्या संगणकाला देता यावी. या दुसऱ्या गोष्टीसाठी तर नवीन भोकही पाडायला नको. आजच्या आयमॅकच्या पाठीवर थंडरबोल्टची सॉकेटं आहेत. त्यांतून चित्र बाहेर जातं, आत येत नाही, एवढंच. हेडफोनच्या १४ मिलिमीटरच्या पिनसाठी ज्यांनी कडेला जागा शोधली, त्यांना एका तयार वाटेवरची एकेरी वाहतूक दुहेरी करणं अवघड नाही.