हावडा ते सामताबेड : लोकलने शरदबाबूंच्या घरी

कोलकाता : मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे निघालेली मेल खरगपूर सोडल्यानंतर कोलाघाटचा लांब रेल्वेपूल ओलांडते. पुलाखाली रूपनारायण नदीचे विस्तीर्ण पात्र पसरलेले असते. नदी मागे पडल्यावर काही मिनिटांतच एक लहानसे स्थानक खिडकीबाहेरून निघून जाते. गाडी तेथे थांबत नाही आणि प्रवाशांचे लक्षही सहसा जात नाही. या स्थानकाचे नाव देउलटी. तेथून तीन-चार किलोमीटर अंतरावरील सामताबेड या गावात कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे घर आजही उभे आहे.

बंगालबाहेर ज्या भाषांनी शरदबाबूंना आपले मानले, त्यांत मराठीचा क्रम वरचा आहे. मामा वरेरकर यांच्या अनुवादांमुळे त्यांच्या कादंबऱ्या मराठी घराघरांत पोहोचल्या आणि वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या. तरीही कोलकात्याला जाणारा मराठी पर्यटक जोडासांकोची ठाकूरबाडी, बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर पाहून परततो. सामताबेड त्याच्या यादीत क्वचितच असते. गाव खेड्यात आहे आणि तेथे जाण्यासाठी स्वतंत्र मोटार करावी लागेल, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः हावड्याहून साधारण 50 किलोमीटरवरील हे घर उपनगरी लोकलने गाठता येते आणि दिवसाउजेडी परतताही येते.

रेल्वेशी या घराचे नाते जुनेच आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा हावडा-खरगपूर मार्ग 1900 मध्ये सुरू झाला. ब्रह्मदेशातील वास्तव्य संपवून शरच्चंद्र 1916 मध्ये परतले, तेव्हा प्रारंभी ते हावड्यातील बाजे शिवपूर भागात राहिले. पुढे त्यांनी रूपनारायणच्या काठी जागा घेऊन घर बांधले आणि 1926 च्या सुमारास ते तेथे राहावयास गेले. थोरली बहीण अनिलादेवी यांचे सासर याच परिसरात होते. काही लेखनासाठी शरच्चंद्रांनी तिचेच नाव टोपणनाव म्हणून वापरले होते. 1921 पासून दीर्घकाळ ते हावडा जिल्हा काँग्रेस समितीचे अध्यक्ष होते. प्रकाशक, मासिके आणि राजकीय सहकारी कोलकाता व हावड्यात, तर लेखनाची बैठक नदीकाठच्या खेड्यात, अशी ही दुहेरी मांडणी रेल्वेमार्गामुळेच सुकर झाली असावी. ते राहावयास आले त्याच वर्षी त्यांची ‘पथेर दाबी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि लवकरच ब्रिटिश सरकारने ती जप्त केली.

आजच्या प्रवाशासाठी पहिला टप्पा हावडा स्थानकाचा आहे. मध्य कोलकात्यातून तेथे जाण्यासाठी बस आणि हुगळीवरील फेरीबोट हे जुने मार्ग आहेत. मार्च 2024 पासून त्यांत नदीखालून जाणाऱ्या मेट्रोची भर पडली. एस्प्लनेडहून निघालेली मेट्रो काही मिनिटांत हावड्याला पोहोचते, त्यामुळे हावडा पुलावरील वाहतूककोंडी टळते. घाई नसेल तर बाबूघाटावरून फेरीबोट घ्यावी. ती स्थानकासमोरच्या धक्क्यावर उतरवते.

हावडा स्थानकात पूर्व रेल्वे आणि दक्षिण पूर्व रेल्वे अशा दोन विभागांच्या गाड्या सुटतात. देउलटी दक्षिण पूर्व रेल्वेवर आहे आणि तिकडच्या लोकल मुख्यतः नव्या संकुलातील फलाटांवरून निघतात. जुन्या इमारतीत शिरून बर्धमान किंवा बँडेलच्या लोकलमध्ये बसणे ही नवख्या प्रवाशाची नेहमीची चूक असते. तिकीट खिडकीवर देउलटीचे साधे परतीचे तिकीट मागावे. आरक्षणाची गरज नसते.

कोणती लोकल घ्यायची, हे तिच्या अंतिम स्थानकावरून ठरते. मेचेदा, पांशकुडा, हल्दिया, खरगपूर किंवा मेदिनीपूर येथे जाणाऱ्या गाड्या देउलटीवरून जातात. उलुबेडियापर्यंतची लोकल अलीकडेच थांबते, तर आमता लोकल सांत्रागाछीनंतर वेगळ्या फाट्यावर वळते. लांब पल्ल्याच्या काही लोकल मधली लहान स्थानके वगळतात. त्यामुळे गाडी देउलटीला थांबते ना, याची फलकावर किंवा सहप्रवाशांकडे खात्री करून घेणे इष्ट. प्रवासाला सुमारे सव्वा तास लागतो. सांत्रागाछी, आंदुल, बाउडिया आणि उलुबेडिया मागे पडत जातात, गिरण्यांच्या जागी भातखाचरे आणि तळी दिसू लागतात. बागनान आणि घोडाघाटा या स्थानकांनंतर देउलटी येते. बागनान आले की दाराकडे सरकावे, कारण लोकल लहान स्थानकावर फार वेळ थांबत नाही.

वेळेची निवड केल्यास गर्दीही टळते. सकाळी या मार्गावरील नोकरदार आणि विक्रेत्यांचा लोंढा हावड्याच्या दिशेने येतो. कोलाघाट, देउलटी आणि पांशकुडा पट्ट्यातील फुलउत्पादक आपला माल लोकलने आणून हावडा पुलालगतच्या मल्लिक घाट बाजारात नेतात. संध्याकाळी हीच गर्दी उलट दिशेने परतते. सामताबेडला जाणारा प्रवासी दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध दिशेने जात असल्याने त्याला बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते. रविवारी आणि सुटीच्या दिवशी काही लोकल धावत नाहीत, याची मात्र दखल घ्यावी लागते.

खरी कसोटी शेवटच्या टप्प्याची असते. देउलटी स्थानकाबाहेर ‘टोटो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॅटरीवरील रिक्षा मिळतात. ‘शरतबाबूर बाडी’ एवढे सांगितले तरी चालकाला पत्ता कळतो. भाडे आधी ठरवावे आणि परतीसाठी थांबणार का, हेही विचारून घ्यावे. स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात, पण गावातून परतताना लगेच मिळेलच असे नाही. ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मुले बरोबर असतील तर येण्या-जाण्याची एकच रिक्षा ठरवणे सोयीचे. धडधाकट माणसाला हिवाळ्यात हे अंतर पायीही कापता येते.

महाराष्ट्रातून थेट येणाऱ्यांना आणखी एक मार्ग आहे. हावडा मेल, गीतांजली किंवा पुण्याहून येणारी आझाद हिंद एक्सप्रेस खरगपूरला थांबते. तेथे उतरून हावड्याकडे जाणारी लोकल पकडली, तर देउलटी आधीच लागते आणि हावड्याला जाऊन मागे येण्याचा फेरा वाचतो. जड सामान असेल तर मात्र आधी कोलकाता गाठून दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी निघणे बरे. बसचाही पर्याय आहे. हावडा-कोलाघाट महामार्ग देउलटीवरूनच जातो. मराठी प्रवाशांना हा रस्ता जुन्या क्रमांक 6 च्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग म्हणून परिचित असेल. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती आणि नागपूरला जोडणारा तोच रस्ता येथवर येत असे. बसने कोलाघाटपर्यंत जाऊ नये. तेथील शरत सेतू आला म्हणजे देउलटी मागे राहिले असे समजावे.

घर दुमजली आहे. ब्रह्मदेशातील घरांची छाप त्याच्या बांधणीवर दिसते. कौलारू छप्पर, सभोवार व्हरांडे आणि पुढे बाग अशी त्याची रचना आहे. आत लेखकाच्या वापरातील वस्तू आणि लाकडी सामान जपून ठेवलेले आहे. शरच्चंद्र गावकऱ्यांना होमिओपॅथीची औषधे देत असत, ती आठवण गावात आजही सांगितली जाते. आवारातच शरच्चंद्र, पत्नी हिरण्मयीदेवी आणि संन्यास घेतलेले बंधू स्वामी वेदानंद यांची स्मृतिस्थळे आहेत. लिहिण्याच्या खोलीतून पूर्वी रूपनारायण दिसत असे. नदीने नंतर पात्र बदलले आणि ती दूर सरकली. 1978 च्या महापुरात घराचे नुकसान झाले, त्यानंतर ते दुरुस्त करण्यात आले. पश्चिम बंगाल वारसा आयोगाने त्याला वारसास्थळाचा दर्जाही दिला आहे.

जानेवारीच्या उत्तरार्धात जवळच्या पानित्रास येथे शरच्चंद्रांच्या स्मरणार्थ मेळा भरतो. 16 जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवसांत गावात वर्दळ असते, वाहने सहज मिळतात. ज्यांना निवांतपणे घर पाहायचे आहे, त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील मेळ्याव्यतिरिक्तचा एखादा कामाचा दिवस निवडावा. पावसाळ्यात हा सखल प्रदेश चिखलाचा असतो. गावात मोठी उपाहारगृहे नाहीत, म्हणून पाणी आणि थोडा फराळ सोबत असावा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास हावडा सोडल्यास घर आणि नदीकाठ पाहून दुपारची परतीची लोकल आरामात मिळते.

महानगरातील स्मारकांना गर्दी आपोआप लाभते. खेड्यातील घराचे तसे नसते. तेथे कोण पोहोचते, हे बरेचसे वाहनाच्या सोयीवरच ठरते. केवळ मोटारीने जाता येणारे घर मोटार असणाऱ्यांचेच होऊन राहते. सामताबेडची वाट मात्र विद्यार्थी, निवृत्त शिक्षक आणि अनुवाद वाचून भारावलेला परप्रांतीय वाचक अशा सर्वांना परवडणारी आहे. ती वापरात राहिली, तर स्थानकाबाहेर रिक्षा उभ्या राहतील आणि घराचे दारही उघडे राहील. पुढच्या वेळी मेल कोलाघाटचा पूल ओलांडून कोलकात्याकडे धावू लागली की उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांकडे लक्ष असू द्यावे. देउलटीची पाटी क्षणभरच दिसते.