ओझोनचे छत्र : हिमकण आणि सूर्यप्रकाश

भूपृष्ठापासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो अडवितो. म्हणूनच त्यास पृथ्वीचे संरक्षक छत्र म्हटले जाते. अंटार्क्टिकावर दर वसंत ऋतूत हे छत्र कमालीचे विरळ होत असल्याचे फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिले.

या ऱ्हासाचे मूळ शीतकपाटे व फवारणीचे डबे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंत होते. परंतु हे वायू मुख्यतः उत्तर गोलार्धातून वातावरणात मिसळत. मग सर्वाधिक हानी दक्षिण ध्रुवावरच का व्हावी?

हे वायू भूपृष्ठालगत विघटित होत नाहीत. वाऱ्यांबरोबर ते सर्वदूर पसरतात, कालांतराने उंचावर पोहोचतात आणि तेथे अतिनील किरणांमुळे त्यांतील क्लोरीन सुटतो, असे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्येच प्रतिपादिले होते. यांपैकी बराचसा क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड व क्लोरीन नायट्रेट या संयुगांत अडकून निरुपद्रवी होतो. ध्रुवीय हिवाळ्यात मात्र सूर्य कित्येक आठवडे उगवत नाही. उंचावरील तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसखाली गेले की, नायट्रिक आम्ल व बर्फ यांच्या सूक्ष्म कणांचे ढग बनतात. या कणांच्या पृष्ठभागावर ही दोन्ही संयुगे एकत्र येतात आणि क्लोरीन वायू मुक्त होतो. अंधारात तो निष्क्रिय असतो; सप्टेंबरच्या सुमारास सूर्यप्रकाश परतताच त्याच्या रेणूंचे अणू होतात व ओझोनचा संहार सुरू होतो. प्रत्येक अणू पुनःपुन्हा मोकळा होत असल्याने हजारो ओझोन रेणू नष्ट करू शकतो. कणपृष्ठावरील या क्रियेचे महत्त्व सुसान सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. विकसनशील देशांना या वायूंचा वापर थांबविण्यासाठी २०१० ही मुदत होती. सध्याची धोरणे कायम राहिल्यास अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात नमूद आहे.

हा विलंब अटळ आहे. कारण यांतील प्रमुख वायू वातावरणात अर्धशतक ते शतकभर टिकतात. म्हणूनच शाळा, रुग्णालये वा कार्यालयांतील जुन्या शीतयंत्रांचे निर्लेखन करताना त्यांतील वायू हवेत न सोडता प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून काढून घेणे अगत्याचे ठरते. गावातून सुटलेला वायू गावाच्या आकाशात थांबत नाही.