फॉर्ममधला तो प्रश्न : आंदोलनातला गुन्हा सांगायचा की लपवायचा?



"ताई, इथं 'नाही' लिहिलं तर चालेल का?"

लातूर जिल्ह्यातला, एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेला एक विद्यार्थी कॉलेजचा फॉर्म हातात धरून विचारत होता. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदमध्ये रास्ता रोकोला बसला म्हणून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता. पुढे तो निर्दोष सुटला. सुटलोय तर सांगायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. पण फॉर्ममध्ये निर्दोष सुटलेल्या केसचीही माहिती मागितली होती.

भीमा कोरेगावनंतरचा बंद, डिसेंबर २०२४ मधलं परभणीचं आंदोलन, जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे. नांदेड-लातूरच्या वस्त्यांमध्ये अशा केस अंगावर असलेले तरुण मला नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी हा लेख.

हा प्रश्न कुठे येतो?

बी.ए., बी.कॉम.च्या प्रवेश अर्जात तो सहसा नसतो. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र रॅगिंगपुरतंच असतं. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना एफआयआर, चालू खटला, शिक्षा किंवा निर्दोष मुक्तता हे सगळं जाहीर करायला सांगितलं. लपवलं तर अंतिम गुणपत्रिका आणि पदवी रोखण्याची तरतूद त्यात आहे. पोलीस भरती आणि सरकारी नोकरीतही चारित्र्य पडताळणी होते. परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तरी पासपोर्ट लागतोच आणि कोर्टात खटला चालू असेल तर त्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात तर कधी अटक झाली होती का, हेही विचारतात.

प्रश्नातला शब्द नीट वाचा

गुन्हा दाखल होणं, अटक होणं, खटला प्रलंबित असणं आणि शिक्षा होणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. "शिक्षा झाली आहे का?" असं विचारलं असेल आणि झाली नसेल, तर "नाही" हे खरं उत्तर आहे. "कधी गुन्हा दाखल झाला का?" असं विचारलं असेल, तर निर्दोष सुटलात तरी उत्तर "हो" आणि पुढे निकाल.

इथेच आपली मुलं फसतात. "कबूल कर, दंड भर, मोकळा हो," असं कोणीतरी सांगतं. तारखांना कंटाळलेला मुलगा गुन्हा कबूल करून दंड भरतो. त्याच्या दृष्टीने केस मिटली, पण कागदावर ती दोषसिद्धी असते. वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नका.

तसंच, गुन्हे मागे घेण्याची नुसती घोषणा झाली म्हणजे खटला संपला असं नाही. सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची संमती लागते. तो आदेश हातात घ्या.

तेव्हा वय १८ पेक्षा कमी होतं?

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार बालपणीच्या दोषसिद्धीमुळे पुढे अपात्रता येत नाही. निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही, असं कलम ७४ सांगतं. १६ वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांना काही अपवाद आहेत. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

कोर्ट काय म्हणतं?

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच हवी. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली असेल, तर नियुक्ती करणारा ती माफ करू शकतो. पण "करू शकतो" म्हणजे "करेलच" असं नाही. खरं सांगितलं तरी नोकरीची हमी मिळत नाही, पोलीस भरतीत तर नाहीच. पण खरं सांगितल्यावर बाजू मांडता येते. लपवलेलं सापडलं की मूळ केस किरकोळ असली तरी खोटं बोलणं हाच मोठा दोष ठरतो.

आता काय करायचं?

- ई-कोर्ट्सवर आपल्या नावाची केस तपासा.
- एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा.
- फॉर्ममध्ये थोडक्यात लिहा: केस क्रमांक, कलम, कोर्ट, तारीख, निकाल. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स जपा.
- जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नवबौद्धांनाही तो हक्क आहे.

त्या विद्यार्थ्याने शेवटी "हो" लिहिलं आणि निकालाची प्रत जोडली. रस्त्यावर बसण्याची त्याला लाज नव्हती, भीती फक्त पदवी अडकण्याची होती. कार्यकर्त्यांनो, मोर्च्याला मुलं आपण नेतो. मग त्यांच्या तारखांना हजर राहणं आणि निकालाची प्रत त्यांच्या हातात पडेपर्यंत पाठपुरावा करणं, हेही आपलंच काम आहे.