सेवा केंद्रावरचा संगणक हळू चालतो? नवा घेण्याआधी बायोस उघडून बघा

जून-जुलै आला की गावोगावच्या आपले सरकार सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीकविमा यांसाठी रांगा लागतात. त्यात संगणक अडखळला की रांग वाढते आणि माणसांची दिवसाची मजुरी बुडते. नवा संगणक घ्या, असा सल्ला लगेच मिळतो. पण कित्येकदा आहे त्याच मशीनची पूर्ण ताकद वापरली जात नसते.

आधी मोजा

आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात. एका शेतात चार मजूर लावावेत तसं. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय३-१०१०० मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. ते सगळे कामावर आहेत का, हे पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर 'कोअर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' हे आकडे दिसतात. ते कंपनीने दिलेल्या आकड्यांपेक्षा कमी असतील तर कुठेतरी सेटिंग बिघडलंय.

मोबाईलवरच्या व्हिडिओत 'एमएसकॉन्फिग'मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवा म्हणतात. त्याने वेग वाढत नाही. ती जागा कोअर कमी करण्यासाठी आहे. तिथे टिक असेल तर काढून टाका.

बायोसमध्ये काय बघायचं

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबलं की बायोस उघडतो. काही कंपन्यांचं बटण वेगळं असतं. काहीही बदलण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाईलने फोटो काढून ठेवा.

'ॲक्टिव्ह प्रोसेसर कोअर्स' हे 'ऑल' वर हवं. 'हायपर-थ्रेडिंग' (एएमडीत 'एसएमटी') आणि 'टर्बो' चालू हवेत. टर्बो बंद असेल तर वरचा प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवरच थांबतो, चालू असेल तर ४.३ पर्यंत जातो.

दुसरी गोष्ट रॅम. ८ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ड्युअल चॅनल चालू होतं आणि सगळ्या कोअरना माहिती लवकर पोचते. काही रॅम 'एक्सएमपी' चालू केल्याशिवाय पूर्ण वेगाने धावत नाही. मात्र आय३-१०१०० ला एच४१० बोर्डावर ३२०० ची पट्टी लावली तरी वेग २६६६ च्या वर जात नाही. तिथे जादा पैसे घालण्यात अर्थ नाही.

याला हात लावू नका

काही बोर्डांवर 'मल्टिकोर एनहान्समेंट' असतं. ते प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या मर्यादेबाहेर पळवतं. वीज जास्त लागते, उष्णता वाढते. दाखले काढायला त्याची गरज नाही. जादा व्होल्टेजचा धोका किती असतो ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर त्यामुळे अस्थिर होत असल्याचं कंपनीने मान्य केलं, बायोससाठी दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी ती दुरुस्ती करून घ्यावी.

पण बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. चांगला यूपीएस असल्याशिवाय आणि भारनियमनाची वेळ बघितल्याशिवाय ते करू नये.

साध्या गोष्टीही तपासा

पंख्यात धूळ बसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. मग सेटिंग कितीही बरोबर असो, उपयोग नाही. संगणकाची तारीख सारखी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदलला नाही तर केलेली सेटिंग पुसली जातात आणि चुकीच्या तारखेमुळे सरकारी संकेतस्थळंही उघडत नाहीत.

बदल केल्यावर संगणक अडकला तर बायोसमध्ये 'लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स' निवडा, मूळ स्थिती परत येते.

एवढं करूनही पोर्टल गोल-गोल फिरत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू दहा-वीस टक्केच दिसत असेल, तर अडचण बहुधा सर्व्हरची किंवा नेटची आहे. तेव्हा नव्या संगणकावर पैसे घालूनही रांग कमी होणार नाही.